‘नंतर’चे आठ महिने

आईच्या फोनवर ती सूचना पहिल्यांदा आली तेव्हा २०२४ चा फेब्रुवारी संपत आला होता. रात्रीची जेवणं आटोपली की आई हरिपाठ लावते, त्यासाठी तिने फोन हातात घेतला होता. मी आत ओटा पुसत होते. “अगं, हा काहीतरी विचारतोय बघ,” ती बाहेरून म्हणाली. ओले हात ओढणीला पुसत मी आले. नवीन सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध. अँड्रॉइड १४. साधारण अडीच जीबी. खाली दोन बटणं, ‘आता इन्स्टॉल करा’ आणि ‘नंतर’.

“नंतर दाब,” मी म्हटलं.

तिने दाबलं आणि हरिपाठ सुरू झाला. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत दर दोन-चार दिवसांनी तो फोन विचारत राहिला आणि आई ‘नंतर’ दाबत राहिली. मीच तसं सांगून ठेवलं होतं. फोनबाबत ती माझं ऐकते, जशी मी लहानपणी औषधाबाबत तिचं ऐकायचे. का म्हणून विचारायचं नाही, फक्त ऐकायचं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब बघते. हळद आणि बेदाणा. आमच्याकडे एक नियम सगळे पाळतात, ३१ मार्च उलटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. टॅलीची नवी आवृत्ती आली तरी नाही, प्रिंटर कुरकुरत असला तरी नाही. नवी हळद सौद्याला येते तीही याच दिवसांत, आणि वर्षाचा ताळेबंद जुळवायचा तोही याच दिवसांत. आईच्या फोनचा मार्चशी काही संबंध नव्हता. पण पहिलं ‘नंतर’ माझ्या तोंडून निघालं ते या सवयीनेच.

त्यामागे एक चटकाही होता. तीन वर्षांपूर्वी माझ्या फोनवर असाच मोठा अपडेट आला, तो मी रात्री अकराला लावला आणि झोपले. सकाळी यार्डात फोन उघडला तर बँकेचं ॲप पुन्हा नोंदणी मागायला लागलं. नोंदणीसाठी जो मेसेज आपोआप जायला हवा तो जाईना. दोन सिमपैकी मेसेज कुठल्या सिमवरून पाठवायचे, ही निवड अपडेटमध्ये पुसली गेली होती. एवढीशी गोष्ट, पण ती कळेपर्यंत दुपारचे दोन वाजले. जतहून बेदाणा घेऊन आलेला एक शेतकरी त्याचे पैसे जमा व्हायची वाट बघत दुकानाच्या पायरीवर बसून होता, रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवलेली. तो काही बोलला नाही. मी तीनदा बाहेर जाऊन “थोडं थांबा” म्हणून आले. त्याची एसटी चुकली ती चुकलीच. नंतर शेजारच्या गाळ्यातल्या दिवाणजींच्या फोनवर अपडेट झाल्या आठवड्यातच पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ उमटली, आणि पडदा बदलायचा खर्च ऐकून त्यांनी तसाच फोन वर्षभर वापरला. रेघेच्या खाली आलेला आकडा वाचायला ते फोन तिरका करायचे. त्यामुळे आमच्या ओळीत अपडेट हा शब्द निघाला की लोक आधी ती रेघ आठवतात.

तरी स्वतःच्या फोनसाठी मी इतका विचार केला नसता. बिघडला तर मी निस्तरते, दोन तास डोकं खपवते, दुकानात जाते. आईचं तसं नाही. आईची वही आहे.

आई चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होती. वडील २०२० मध्ये गेले. त्यानंतर पुण्याच्या दादाशी रोज बोलता यावं म्हणून तिला हा फोन घेऊन दिला, तेव्हा शिकवायला मी बसले आणि लिहून घ्यायला ती. शंभरपानी वही, पाठीमागे पाढे छापलेली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला एक उभा चौकोन, तो फोन. चौकोनात जिथे जे दिसतं तिथे ते काढलेलं. खालच्या ओळीत डावीकडे हिरवा गोल, आत रिसीव्हर. बाजूला शिक्षकी अक्षरात सूचना: ‘फोन आला की हिरवे वर ओढणे. दाबणे नाही.’ पुढच्या पानावर: ‘दादाचा चेहरा दिसण्यासाठी कॅमेऱ्याचे चित्र, वर उजवीकडे. आपला चेहरा दिसत नसेल तर उलट्या बाणाचे चित्र.’ एका पानावर नुसतं एवढंच, दोनदा अधोरेखित: ‘घाबरल्यास मधले बटण.’ मधलं बटण म्हणजे होम. कुठेही अडकलं तरी ते दाबलं की घरी परत येतो, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तिने ते असं लिहून घेतलं.

त्या वहीत प्रत्येक शब्दातला ल पाकळीचा आहे आणि श देठाचा. फोनमधला दांडीचा ल तिला आजही खटकतो. “पोरं यावरून वाचायला शिकली तर लिहिताना चुकतील,” असं ती म्हणते, आणि सरकारने २०२२ मध्ये पाकळीचा ल नि देठाचा श वापरण्याचा निर्णय काढला तेव्हा ते कात्रण तिने याच वहीत चिकटवलं.

मोठा अपडेट आला की काय होतं ते मला माहीत होतं. चिन्हांचे आकार बदलतात, वरची पट्टी ओढली की येणारे गोल मोठे होतात, फोन उचलायची तऱ्हा बदलते. नव्या फोनांत मधलं बटण जाऊन बोटाने खालून वर सरकवायचं आलं आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाला दोन दिवस चुकल्यासारखं होतं आणि मग तो विसरतो. आईच्या वहीची मात्र पानंच्या पानं खोटी ठरणार होती. तिचं बोट डोळ्यांच्या आधी जागेवर जातं. देवघरातली काडेपेटी जशी अंधारातही हाताला लागते तसा तो हिरवा गोल तिला लागतो. ती जागा हलवायचा अधिकार फोन बनवणाऱ्याला आहे का, हा प्रश्न मला त्या महिन्यांत खरोखर छळत होता. अजूनही छळतो. विकत घेतलेली वस्तू, पैसे मोजून घेतलेली, एका रात्रीत वेगळी होऊन बसते आणि आपल्याला विचारलं म्हणजे काय, तर ‘आता’ की ‘नंतर’. ‘नको’ असं बटणच नसतं.

परतीची वाटही नसते. हे मी मोबाईल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून नीट समजून घेतलं. हरभट रोडच्या एका बोळात त्याचं दुकान आहे. तो म्हणाला, आता बऱ्याच फोनांत सॉफ्टवेअरचे दोन खण असतात. चालू असतो तो एक, आणि अपडेट गुपचूप दुसऱ्यात भरला जातो. रीस्टार्ट झाला की फोन दुसऱ्या खणातून सुरू होतो आणि सुरूच होऊ शकला नाही तर पहिल्यावर परत येतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासूनची ही सोय. त्यामुळे पूर्वीसारखा अर्ध्यात वीज गेली आणि फोन दगड झाला, असं सहसा होत नाही. “पण ताई, एकदा नवीन नीट चालू झालं की मागं जाता येत नाही. मागं जायचं तर सगळं पुसायला लागतं. काही कंपन्या तेवढंसुद्धा करू देत नाहीत.” मी विचारलं, असं का? तो म्हणाला, जुन्यात जी भोकं होती ती उघडी करून चोराला आत येता येऊ नये म्हणून. पटण्यासारखं होतं. तरी ‘सगळं पुसायला लागतं’ हे शब्द घेऊन मी घरी आले.

कारण त्या फोनमध्ये आमच्या घरातले फोटो आहेत.

आमचं घर गावभागात आहे. २००५ च्या पुरात पाणी घरात आलं तेव्हा ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेवर निळ्या ऑइलपेंटने बारीक पट्टा ओढला आणि शेजारी २००५ लिहिलं. पुढची चौदा वर्षं तो पट्टा आमच्या घराचं माप होता. काहीही ठेवायचं तर पट्ट्याच्या वर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असतं. पण आमच्यासाठी खरी पातळी म्हणजे तो पट्टा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढल्याचे, अलमट्टीचे, पुलाच्या पातळीचे मेसेज तासातासाला यायला लागले, तेव्हा वडिलांनी शांतपणे सगळं पट्ट्याच्या हातभर वर चढवलं. गहू, गाद्या, दप्तरं, आणि कपाटाच्या डोक्यावर अल्बमची पत्र्याची ट्रंक. मग आम्ही विश्रामबागला मावशीकडे गेलो. त्या वेळी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

परत आलो तेव्हा ट्रंक आडवी होऊन चिखलात रुतली होती. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून वड्या झाल्या होत्या. आई आणि मी चार दिवस बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो सोडवत बसलो. काही सुटताना रंग मागच्या फोटोला देऊन आले. आईच्या लग्नातल्या एका फोटोत आता आजोबांचा फेटा आहे आणि चेहरा नाही. जे वाचले ते २१३. वाळत घातलेल्या त्या फोटोंचे फोटो मी मोबाईलवर काढले. मूळ कागद पुढच्या पावसाळ्यापर्यंत बुरशीने गेले, त्यामुळे आता आहे ते एवढंच. फोन आईला घेतला तेव्हा ते सगळे मी तिच्या फोनमध्ये घातले, कारण बघायला तीच मागते.

हळदीच्या धंद्यात पेवं काय होती ते ठाऊक असतं. हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं काढून त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवायचे. आत हवा नाही, ओल नाही, कीड नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांची हळद गेली. पेव वाईट नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं होतं. पण सगळं एका ठिकाणी होतं आणि मागच्या पाण्याच्या मापावर विसंबलेलं होतं. आईच्या फोनकडे बघताना मला ते आठवायचं. फोटोंची दुसरी प्रत मी केली नव्हती. करू करू म्हणत राहिले होते. म्हणजे मी भीत होते ते खरं तर अपडेटला नव्हतेच. फोन नुसता ओट्यावरून पाण्यात पडला असता तरी ते २१३ गेले असते. हे लक्षात आलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

जुलैत पाऊस लागला आणि ‘नंतर’ला नवं कारण मिळालं. पाण्याचे दिवस, फोन ऐनवेळी बंद पडायला नको. त्यातच १९ जुलैला जगभर कॉम्प्युटर बंद पडले. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने पाठवलेला एक सदोष अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवत थांबले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यार्डात त्या दिवशी सगळे मला म्हणाले, “बघा, तुमचंच बरोबर.” मलाही बरं वाटलं. चूक कबूल करायची तर इथेच करायला हवी. ज्या बातमीने आपल्याला हवं ते सांगितलं तीच मी नीट वाचली.

दुसरी बातमी मला आधीपासून माहीत होती, फक्त मी ती आईच्या फोनशी जोडली नव्हती. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, कॉम्प्युटरला कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांचे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने तो तसाच पडून होता, कारण ज्यांनी त्यांनी ‘नंतर’ म्हटलं होतं. भोक बुजवल्याचं जाहीर झालं की ते कुठे होतं हे चोरालाही कळतं. म्हणजे ‘नंतर’ म्हणून आपण होतो तिथेच थांबलो असं होत नाही. आपण तिथेच असतो आणि पाणी चढत असतं.

फोनचंही तेच. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट उघडी झाली. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येत होतं, तो मेसेज उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षेची दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या पानावर या दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. आईच्या फोनवर ती १ डिसेंबर २०२३ होती. मी ते पान उघडलं तेव्हा सप्टेंबर चालू होता. नवी आवृत्ती एकदा आली की बऱ्याच कंपन्या पुढच्या दुरुस्त्या तिच्यातूनच देतात, त्यामुळे मोठा अपडेट अडवला म्हणजे छोट्या दुरुस्त्याही दाराबाहेर उभ्या.

ते पान मी का उघडलं ते सांगते. आईच्या भजनी मंडळाचा ग्रुप आहे. पंचवीस-तीस बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. गणपती झाल्यावर एक दिवस त्या ग्रुपवर मंडळातल्याच एका काकूंच्या नंबरवरून फाईल आली, गाडीला दंड झालाय, चलन बघण्यासाठी उघडा. आईकडे गाडी नाही, म्हणून तिने मला विचारलं. बाकी तिघींनी उघडली. ती फाईल म्हणजे चलन नव्हतंच, ते ॲप होतं. काकूंच्या यजमानांच्या नावावर स्कूटर आहे, त्यांनी आदल्या दिवशी ती काळजीने उघडली होती आणि त्यांच्या फोनवरून ती पुढे सगळीकडे गेली. एकीच्या खात्यातून अठरा हजार गेले. साठ वर्षं काटकसरीने संसार केलेली बाई, आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं तिने. लाज वाटली म्हणून.

अपडेट केला असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. ‘इन्स्टॉल’ माणसाच्या बोटानेच दाबलं जातं. पण अडथळे वाढतात, हे खरं. अँड्रॉइड १३ पासून असं बाहेरून घेतलेलं ॲप नोटिफिकेशन वाचायची किंवा पडद्यावर ताबा घ्यायची परवानगी मागायला लागलं तर फोन ती सहजासहजी देत नाही. १४ मध्ये आणखी एक दार लावलं, फार जुन्या अँड्रॉइडसाठी लिहिलेली ॲप्स बसूच देत नाही, कारण नव्या परवानग्यांचे नियम चुकवायला चोर मुद्दाम जुना वेष घेऊन येतात. हे सगळं वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, आणि खरं सांगायचं तर माझं मन तिनेच वळवलं. १४ मध्ये अक्षरं दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं त्या मानाने कमी वाढतात, त्यामुळे पान फुटत नाही. आई फोनवर अभंग ऐकते ते ऐकायलाच आवडतं म्हणून, असं मी समजत होते. मंडळात कुणीतरी रोज एक अभंग लिहून पाठवतं. तो मला वाचून दाखवायला लावते. अक्षर असेल तेवढं मोठं करूनही तिला ते पुरत नव्हतं, आणि हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

दादा गणपतीत आला होता तेव्हा म्हणाला होता, “करून टाक की. दहा मिनिटांचं काम आहे.” त्याच्यासाठी दहा मिनिटांचं होतं. तो परत गेल्यावर आईचे फोन मलाच घ्यायचे होते. त्याच्या अशा बोलण्याचा मला राग येतो, पण या वेळी त्याच्यामुळे एक चांगली गोष्ट झाली. जाताना तो २१३ फोटो लॅपटॉपवर घेऊन गेला. एक प्रत मी पेनड्राइव्हवर घातली आणि यार्डातल्या कपाटात ठेवली. मग पितृपक्ष लागला. “पंधरवड्यात नवं काही नको,” आई म्हणाली, तेही मी ऐकलं.

खंडेनवमीला यार्डात तराजू, दप्तरं, कॉम्प्युटर यांची पूजा होते. घरी आईने पाटावर विळी, तिची जुनी लाकडी पट्टी, माझा कॅलक्युलेटर आणि स्वतःचा फोन मांडला. फोनच्या पाठीवर हळदकुंकवाचं बोट. पूजा झाल्यावर फोन पुसता पुसता पुन्हा तीच सूचना आली आणि तिचं बोट सवयीने ‘नंतर’कडे गेलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट सांगितलं की हे काय आहे. आठ महिने जे मी एकटीने ठरवत होते ते सगळं. काय बदलेल, काय बंद होईल, मागे येता येणार नाही, वहीचं काय होईल.

तिने तीन प्रश्न विचारले. फोटो जातील का? नाही, तीन ठिकाणी आहेत. दादाचा फोन मला उचलता येईल का? येईल, पण कदाचित वेगळ्या तऱ्हेने. मधलं बटण राहील का? ते मी आधीच दुकानातल्या मुलाकडून विचारून आले होते. राहील, सेटिंगमध्ये ठेवता येतं.

मग ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, “२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्र्याण्णवला नव्वद तीन म्हणा असं आलं होतं, आठवतंय? केवढा गोंधळ झाला. मी तेव्हा निवृत्त होते, पण शाळेतल्या बाई विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, पोराला सोपं जात असेल तर शिकवा. पण घरात त्र्याण्णव म्हणणारी आजी असते, तिलाही सांगून ठेवा. नाहीतर पोरगं तिला चुकीचं समजेल.” मग म्हणाली, “तू मला आत्ता सांगितलंस. आता कर.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुद्दाम सकाळची वेळ घेतली, दोघींना दिवसभर मोकळं. फोन चार्जिंगला लावला, वायफाय बघितलं, आईने ‘आता इन्स्टॉल करा’ स्वतः दाबलं. डाऊनलोडला पाऊण तास, मग टक्के वाढत गेले. रीस्टार्ट होताना पडदा काळा झाला तेव्हा तिने माझा हात धरला. पडदा परत उजळायला गेली असतील तीन-चार मिनिटं, फार लांब वाटली. आधी घड्याळ दिसलं, पूर्वीपेक्षा मोठं. मग मागे तिने लावलेला गणपतीचा फोटो, तसाच. पहिल्यांदा तिने फोटो उघडले. फेट्याचा फोटो आला. मग मी सिमची निवड बघितली, बँकेचं ॲप उघडलं, आणि दादाला सांगितलं की आता फोन कर. हिरवं आता वर ओढायचं नव्हतं, बाजूला सरकवायचं होतं. पहिला फोन तिच्याकडून कट झाला. दुसराही. तिसऱ्याला दादाचा आवाज आला तेव्हा ती आधी त्याच्याशी बोललीच नाही, मला म्हणाली, “थांब, लिहून घेते.”

वहीत जुन्या पानांवर तिने काट मारली नाही. मधे एक कोरं पान सोडलं, पुढच्या पानावर तारीख घातली आणि पट्टीने नवा चौकोन आखला. गोल काढला. गोलातून उजवीकडे जाणारा बाण. ‘हिरवे बाजूला सरकवणे. वर ओढणे बंद झाले.’ अशी नऊ पानं झाली, चार दिवस लागले. एकदा चिडली, एकदा फोन बाजूला ठेवून उठून गेली. ‘घाबरल्यास मधले बटण’ हे पान मात्र तिने जसंच्या तसं उतरवून काढलं, दोन्ही अधोरेखांसकट.

अक्षरं मी शेवटी मोठी केली, कोजागिरीच्या संध्याकाळी. मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवशीचा अभंग आलेला होता. पडद्यावर जेमतेम तीन-चार शब्दांची ओळ बसत होती, एवढं मोठं अक्षर. मी वाचायला सुरुवात करणार तोच तिने फोन स्वतःकडे घेतला. पहिलीच्या वर्गात मुलांना शिकवायची तसं ओळीखाली बोट ठेवलं. काचेला बोट लागलं की ओळ वर पळायची. दोनदा पळाली. मग तिने बोट काचेपासून जरासं उचलून, अधांतरी धरलं आणि मोठ्याने वाचायला लागली.